मागे खेळायला सांगितलं म्हणजे मागे टाकलं असं नाही

"दादा, माझं वय १७. दहाव्या वर्षापासून मी पुढे खेळायचो, गोल करायचो. दीड वर्षापूर्वी कोचनी मला सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधल्या जागेवर टाकलं. गेल्या महिन्यात आमच्या वयोगटाची फायनल होती. ०-० चालू होतं. ७८व्या मिनिटाला लांबून आलेला चेंडू मी छातीवर घ्यायला गेलो, तो पुढे उडाला आणि त्यांच्या नऊ नंबरने, म्हणजे मुख्य फॉरवर्डने, गोल मारला. आम्ही हरलो. मला कोणी काही बोललं नाही, पण परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलंही नाही. तेव्हापासून रात्री तोच चेंडू दिसतो. आता क्लबने माझ्यापुढे तीन वर्षांचा करार ठेवलाय, बचावपटू म्हणून. बाबा म्हणतात, सही करून टाक. आई म्हणते, आधी शिक्षणाचं बघ. मला वाटतं, दुसऱ्या क्लबात जाऊन परत पुढे खेळावं. बचाव करणाऱ्याला कोण विचारतं? सगळं नीट केलं तर नाव नाही, एकदा चुकलं की आयुष्यभर तेच. यात खरंच करिअर आहे का?"

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका गोष्टीवर अडकलो. ७८व्या मिनिटाबद्दल तू इतकं लिहिलंस, आणि आधीच्या ७७ मिनिटांबद्दल तीन शब्द: "०-० चालू होतं." ते आपोआप चालू नव्हतं रे. त्या नऊ नंबरला तितका वेळ गोलकडे पाठ करूनच चेंडू घ्यावा लागला असेल. कितीदा तरी तो पळायला निघाला असेल, तू आधीच तिथे उभा आहेस हे बघून थांबला असेल आणि पास मागे देऊन मोकळा झाला असेल. याची नोंद स्कोअरबोर्डवर होत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याची क्लिप पाठवत नाही. फॉरवर्डने काम केलं की काहीतरी घडतं. आपण काम केलं की काहीच घडत नाही. हे अंगी मुरायला मला चार वर्षं लागली, आणि तोवर मीही रात्री चेंडूच बघायचो.

मी ११ वर्षं सेंटर बॅक खेळलो. तिसऱ्या हंगामात एकदा गोलकीपरला दिलेला मागचा पास आखूड पडला. मैदान ओलं होतं, चेंडू गवतात बसला. त्याचा आवाज अजून कानात आहे, ओल्या कापडावर थाप मारावी तसा. त्यांचा फॉरवर्ड मध्ये आला आणि गोल झाला. पण खरं सांगायचं ते पुढचं आहे. त्यानंतरची पंधरा मिनिटं मी भरपाई करायला धावत सुटलो. माझा नसलेला चेंडूही माझाच मानला, जागा सोडली, आणि दुसरा गोल मी मोकळ्या टाकलेल्या जागेतूनच झाला. पहिल्या गोलबद्दल मला कोणी काही म्हटलं नाही. दुसऱ्याबद्दल आमचा फुलबॅक (बाजूचा बचावपटू) बोलला, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बुटाच्या नाड्या सोडता सोडता, वरही न बघता म्हणाला, "पहिला पायाने गेला. दुसरा तू डोक्याने घालवलास." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, अख्ख्या हंगामात याहून कामाचं मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या चेंडूकडे येऊ. मला तुझं सांत्वन करायचं नाही, तो चेंडू तुझ्यासोबत नीट बघायचाय.

तू तो छातीवर का घेतलास? डोक्याने उंच आणि बाजूला, टचलाइनकडे का काढला नाहीस? मला वाटतं, पाच-सहा वर्षं पुढे खेळलेल्या मुलाला लांबून येणारा प्रत्येक चेंडू स्वतःसाठी आलेला पास वाटतो. तो आपल्याला काढून टाकायचाय असं मनातच येत नाही. पुढे खेळताना छातीवरचा चेंडू निसटला तर तो समोरच्याकडे जातो, तू परत पळतोस, संपलं. तुझ्या आताच्या जागेवर तो निसटला तर मागे एकटा गोलकीपर असतो. ही सवयीची चूक आहे, आणि दीड वर्षात ती पूर्ण जाणारच नव्हती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुझ्या पत्रात चेंडू कुठून आला ते आहे. नऊ नंबर मात्र थेट गोल मारतानाच उगवतो. चेंडू हवेत होता ते दोन-तीन सेकंद तो कुठे होता? तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक तू बघितलं नाहीस. लांब चेंडू मारणाऱ्याचा पाय मागे जाताना दिसला की एकदा खांद्यावरून मागे बघायचं, आणि चेंडू हवेत असताना पुन्हा एकदा. छाती सरळ चेंडूसमोर धरून उभं राहायचं नाही. अंग अर्धं वळलेलं, एक पाय मागे, गुडघे किंचित वाकलेले. मग चेंडूही दिसतो आणि माणूसही, आणि मागे पळायची वेळ आलीच तर वळण्यात वेळ जात नाही. ७८व्या मिनिटाला पाय जड झाले की पहिल्यांदा हीच मान वळवायची सवय सुटते. धावण्याआधी बघणं थकतं.

गोलकीपरने तुला "माणूस आहे" असं ओरडून सांगितलं का? नसेल सांगितलं तर त्याचाही त्या गोलात वाटा आहे. पण ते त्याला आता सुनवायला जाऊ नकोस. पुढच्या सरावाच्या आधी दोघं बसा आणि शब्द ठरवून घ्या, कोणत्या चेंडूला कोण काय ओरडणार. एक-एक शब्दच हवा, वाक्य पुरं करायला वेळ नसतो. आणि आठवड्यातून दोनदा एखाद्या मित्राला तुझ्याकडे वीस लांब चेंडू मारायला सांग. ते अडवायचे नाहीत, डोक्याने तर मुळीच मारायचे नाहीत. चेंडू त्याच्या पायातून सुटला की मागे बघून मोठ्याने निर्णय सांगायचा: काढणार, घेणार, की सोडणार. सुरुवातीला विचित्र वाटेल. महिन्याभराने तोंडाआधी पाय ठरवू लागतील.

चुकीबद्दल बोलतोच आहोत तर फ्रान्सच्या लिलियन थुरामची गोष्ट तुला माहीत असायला हवी. १९९८च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया. दुसरा हाफ सुरू होताच क्रोएशियाच्या शुकेरने गोल केला. फ्रान्सची बचावफळी पुढे सरकली होती, उजवा फुलबॅक थुराम एकटा मागे राहिला, आणि त्याच्यामुळे शुकेर ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे उभा म्हणून बाद, ठरला नाही. आपल्याच देशात, फायनलच्या दारात, अख्ख्या स्टेडियमसमोर झालेली चूक. मिनिटभरातच थुरामने क्रोएशियाच्या बॉक्सजवळ बोबानच्या पायातून चेंडू काढला, जॉर्काएफकडून परतीचा पास घेतला आणि बरोबरी साधली. ७०व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. फ्रान्स २-१ जिंकला आणि पुढे वर्ल्ड कपही. थुराम फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. त्या सगळ्या सामन्यांत मिळून त्याचे गोल दोनच, दोन्ही त्या एका रात्रीचे.

यातून 'चुकलास की जाऊन गोल मार' असं काढू नकोस, मी तेच करायला गेलो आणि मार खाल्ला. मला यातलं आवडतं ते बोबानच्या पायातून चेंडू काढणं. ते बचावपटूचंच काम होतं, रोजचं, फक्त चाळीस-पन्नास मीटर पुढे केलेलं. चूक होऊन एक मिनिटही झालं नव्हतं आणि त्याच्या पायांना आपलं काम आठवत होतं.

आणि दुसरी बाजूही सांगतो, कारण सगळ्यांना थुरामसारखी रात्र मिळत नाही. फ्रँको बरेसी, इटलीचा कॅप्टन. १९९४च्या वर्ल्ड कपमध्ये दुसऱ्याच सामन्यात, नॉर्वेविरुद्ध, त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. वय ३४. सगळ्यांनी धरलं की आता त्याची स्पर्धा संपली. तो २४ दिवसांनी फायनलला उभा राहिला, समोर ब्राझीलचे रोमारिओ आणि बेबेटो. भर उन्हात जादा वेळ धरून १२० मिनिटं खेळ झाला आणि ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. मग पेनल्टी आल्या. इटलीची पहिली पेनल्टी बरेसीने घेतली आणि चेंडू बारच्या वरून गेला. इटली हरली, तो मैदानावर रडला. लोकांना त्या फायनलमधली इटलीच्या बाजियोची शेवटची हुकलेली पेनल्टी आठवते. बचाव खेळणाऱ्यांना विचार, आम्हाला ती १२० मिनिटं आठवतात. मी ते रेकॉर्डिंग किती वेळा बघितलंय त्याचा हिशेब नाही. "बचाव करणाऱ्याला कोण विचारतं?" या तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की विचारणारे थोडे असतात, पण ज्यांना कळतं ते विचारतात. संघ निवडणारा त्यांच्यातलाच असतो, आणि तुला करार देणाराही.

ते बसचं लागलंय तुला, कळलं मला. त्या वयात मुलांना काय बोलावं सुचत नाही, म्हणून ती दुसऱ्या सीटवर जाऊन बसतात. राग असता तर कोणीतरी बोललं असतं.

कोचनी तुला मागे का नेलं, हे तू त्यांना विचारलंस का? पत्रावरून तरी नाही वाटत. तू शिक्षा समजून बसलायस. माझा अंदाज वेगळा आहे. १९९२मध्ये नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येईनासा झाला. तेव्हापासून बचावपटूला दडपणाखाली पायाने खेळता यावंच लागतं. २०१९पासून गोल किकचा चेंडू बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला देता येतो, म्हणजे आता हल्ल्याची सुरुवात कित्येकदा सेंटर बॅकपासून होते. ज्याला चेंडूची भीती वाटत नाही, ज्याचा पहिला टच मऊ आहे, असा मुलगा कोचना मागे हवा असतो. आणि फॉरवर्ड कुठे पळणार हे जो स्वतः फॉरवर्ड होता त्याच्याइतकं कोणाला कळणार? हाविएर मास्चेरानो मिडफिल्डर म्हणून बार्सिलोनात आला, उंची १७४ सेंटीमीटर, आणि २०११ची चॅम्पियन्स लीग फायनल सेंटर बॅक म्हणून जिंकला. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड ज्युनिअर संघांत मिडफिल्डला खेळायचा, अँटोनियो व्हॅलेन्सिया विंगर होता, दोघंही पुढे राइट बॅक म्हणून नावाजले. तरीही हा माझा अंदाज झाला. कोचना सरळ विचार: "मला इथे का ठेवलंत, आणि माझ्यात काय कमी आहे?" दोन्ही प्रश्न एकत्र विचार, पहिलाच विचारलास तर तक्रार वाटेल.

सतराव्या वर्षी आपण काय आहोत हे ठरलेलं नसतं, बचावात तर नाहीच. नेदरलँड्सचा सेंटर बॅक व्हर्जिल व्हॅन डाइक कुमारवयात एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा. ज्या क्लबच्या ज्युनिअर संघात वाढला त्यांनी त्याला मोठा करार दिला नाही, तो ग्रोनिंगेनला गेला, मग सेल्टिक, मग साउदॅम्प्टन. लिव्हरपूलने २०१८च्या जानेवारीत ७ कोटी ५० लाख पौंड मोजून त्याला घेतलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता. एका बचावपटूसाठी तोवर कोणी एवढी रक्कम दिली नव्हती. आपली जागा उशिरा पिकते. वेग थोडा कमी झाला तरी वाचन वाढत जातं. पोर्तुगालचा सेंटर बॅक पेपे २०२४च्या युरो स्पर्धेत ४१व्या वर्षी खेळला. असे विरळाच, त्यावर हिशेब मांडू नकोस. पण फॉरवर्डचा वेग उतरू लागतो त्या वयातही चांगला सेंटर बॅक टिकून असतो.

कराराचं बाबांना वाचून दाखव. १८ वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार फिफाचे नियम मानत नाहीत, म्हणजे तुला मिळालेली मुदत नियमातली जास्तीत जास्त आहे. क्लबला तू हवा आहेस, हे त्यातून दिसतं. तरी सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर बघा. पहिली, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का. दुसरी, मुदत वाढवायचा हक्क फक्त क्लबलाच दिलाय का. आणि तिसरी, तुला उसना दुसऱ्या क्लबला पाठवायचं झालं तर तुझी संमती लागेल असं लिहिलंय का. तोंडी शब्दावर काही सोडू नका. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबायचं, आणि तरीही मिळाला नाही तर खेळाडू करार मोडू शकतो, हेही फिफाच्याच नियमांत आहे. माहीत असलेलं बरं. एजंट आलाच तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते आधी तपासा. आणि "परदेशात फॉरवर्ड म्हणून लगेच खेळवतो" असं सांगणारा कोणी भेटला तर सावध राहा. १८ वर्षांखालच्यांना दुसऱ्या देशातल्या क्लबात जायला काही ठरावीक अपवाद सोडता मनाई आहे.

आता आईचं. आईचं म्हणणं तुला अडथळा वाटतंय, मला ते या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटलं. जॉर्जो किएलिनी इटलीचा कॅप्टन झाला, युव्हेंटसकडून वर्षानुवर्षं लीग जिंकत राहिला, आणि व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच त्याने अर्थशास्त्र-वाणिज्याची पदवी घेतली आणि पुढे मास्टर्सही केलं. सेंटर बॅक म्हणूनच, पुढच्या फॉरवर्डचे कोपरे खात खात. तुझ्या कराराच्या तीन वर्षांत सरावाचं वेळापत्रक सांभाळून कोणता अभ्यासक्रम जमेल, ते सहीच्या आधी क्लबला विचारा आणि परीक्षेच्या दिवसांची सुट्टी करारात लिहून घ्या. मी शिकलो नाही. एकतिसाव्या वर्षी दुसरा गुडघा गेला तेव्हा हॉस्पिटलच्या पलंगावर मी पहिल्यांदा विचार केला की मला दुसरं काय येतं. असा विचार करायची ती जागा नव्हे.

शरीराबद्दल एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल म्हणून सांगतो. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. २०२१मध्ये त्यांनी जागेनुसार आकडे दिले तेव्हा मेंदूच्या झिजेच्या आजारांचा धोका सर्वांत जास्त बचावपटूंना दिसला, सामान्य लोकांच्या सुमारे पाच पट. गोलकीपरमध्ये अशी ठळक वाढ नव्हती. ते खेळाडू जुन्या काळातले, आणि डोक्याने चेंडू मारण्याशी याचा संबंध असावा असं मानायला बरीच जागा आहे. इंग्लंडमध्ये त्याच वर्षापासून व्यावसायिक संघांना सांगितलं गेलं की सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच्या वर नकोत. तू तर अजून वाढीच्या वयात आहेस. हेडरचं तंत्र जरूर शीक, मान आणि खांद्यांची ताकद वाढव, पण सरावात पन्नास-पन्नास लांब चेंडू डोक्यावर घेऊन कोणाला हिंमत दाखवायला जाऊ नकोस. डोक्याला मार लागला आणि क्षणभर जरी गोंधळल्यासारखं झालं तर बाहेर ये. "ठीक आहे" म्हणू नकोस. आम्ही सगळे म्हणायचो. आमच्यातल्या एकाला आता आपल्या मुलांची नावं आठवायला वेळ लागतो, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

मग सही करावी का? कोचशी बोलणं झालं, कागद बाबांनी आणि एखाद्या वकिलाने वाचले आणि आईचा प्रश्न सुटला, तर कर. दुसऱ्या क्लबात जाऊन पुढे खेळायची इच्छा खरी असेल तर तीही वाईट नाही. फक्त ती फायनलच्या आधी, सगळं नीट चालू असतानाही होती का, हे आठवून बघ. आधीपासून असेल तर कोचना स्पष्ट सांग. त्या ७८व्या मिनिटानंतर आली असेल तर निदान दहा सामने थांब. पुढे खेळायला गेलास तरी चुका होतातच, फक्त तिथे त्या मोकळ्या गोलसमोरच्या असतात, आणि त्याही रात्री दिसतात.

त्या फायनलचं रेकॉर्डिंग क्लबकडे असेल. गोल बघायचा नाही. पहिली वीस मिनिटं लाव आणि चेंडू कुठेही जावो, नजर फक्त त्यांच्या नऊ नंबरवर ठेव. तो पळायला निघून तुझ्यामुळे थांबला की वहीत एक रेघ ओढ. वीस मिनिटांनी रेघा मोज आणि आकडा मला कळव.

तुझा,
दादा